दीड जीबीत काय काय मावतं?

एक गुणाकार करून पाहू. फोनवरचा फुल एचडी व्हिडिओ म्हणजे सेकंदाला तीस चित्रं. प्रत्येक चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके, म्हणजे एकूण वीस लाखांहून जास्त. एकेका ठिपक्याचा रंग सांगायला तीन बाइट लागतात. सगळं गुणलं की एका सेकंदाच्या व्हिडिओला साधारण १८७ एमबी लागतात. या हिशेबाने रोजचा दीड जीबी डेटा किती वेळ पुरायला हवा? आठ सेकंद. व्हिडिओ लावायचा, ‘नमस्कार मंडळी’ ऐकायचं, तेवढ्यात नेट संपलं!

प्रत्यक्षात तोच व्हिडिओ दीड जीबीत चाळीस मिनिटं चालतो. दर्जा ४८०पी वर उतरवला तर तीन तासांच्याही वर. आठ सेकंदांची चाळीस मिनिटं कशी होतात, वापरलेला एकेक बाइट कोण आणि कुठे मोजतं, रात्री बाराला हिशेब कोरा का होतो आणि महिना तीस दिवसांचा असताना रिचार्ज अठ्ठावीसचाच का, या प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. ती उलगडली की रिचार्जचे पैसे नेमके कुठे वाचतात तेही समजतं.

नामंजूर झालेली एक साधी कल्पना

नासिर अहमद यांचा जन्म १९४० सालचा, बंगळुरूचा. अभियांत्रिकीची पदवी तिथेच घेऊन ते पुढे अमेरिकेत गेले. १९७२ मध्ये कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे संशोधनासाठी अर्ज केला. चित्रातली माहिती आटवण्याची एक गणिती रीत त्यांना तपासून पाहायची होती. अर्ज नामंजूर झाला. एका परीक्षकाला ती कल्पना फारच साधी वाटली होती. अहमद यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव या दोन सहकाऱ्यांसोबत त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये ते छापलं. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजेच डीसीटी, ते हेच.

त्यातली युक्ती अशी. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे छोटे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे जसेच्या तसे पाठवायचे नाहीत. हा चौकोन मंद आणि दाट लाटांच्या कोणत्या मिश्रणातून तयार होईल, एवढंच सांगायचं. आपल्या डोळ्यांना रंगाचे मोठे, सावकाश बदल नीट दिसतात, अगदी बारीक बदल जाणवत नाहीत. मग त्या दाट लाटांचे आकडे गाळून टाकले तरी पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. तुमच्या फोनमधला जवळजवळ प्रत्येक जेपीईजी फोटो असाच गाळलेला आहे. व्हिडिओ आटवण्याच्या नंतरच्या पद्धतीही याच गणिताच्या किंवा त्याच्या भावंडांच्या आधाराने चालतात.

व्हिडिओत आणखी एक बचत होते. लागोपाठच्या दोन चित्रांत फारसं काही बदलत नाही. मग पूर्ण चित्र अधूनमधूनच पाठवायचं, आणि बाकीच्या वेळी कोणता चौकोन कुठे सरकला तेवढं कळवायचं. म्हणूनच कॅमेरा एका जागी ठेवून चित्रित केलेलं कीर्तन कमी डेटात होतं. त्याच दर्जाचा क्रिकेट सामना जास्त डेटा घेतो, कारण तिथे कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि गवतापासून प्रेक्षकांपर्यंत सगळंच हलत असतं. या सगळ्या करामतींनी मूळ माहिती जवळजवळ तीनशे पट आटते. आठ सेकंदांची चाळीस मिनिटं होतात ती अशी.

अख्खी ज्ञानेश्वरी, तीन सेकंद

डेटा कशाला किती लागतो याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो, कारण फोनच्या पडद्यावर सगळं सारख्याच आकाराचं दिसतं. मजकूर, आवाज आणि चित्र यांच्या वजनात मात्र प्रचंड फरक असतो.

ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. संगणकावर देवनागरीतलं एकेक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने नुसत्या मजकुराची अख्खी ज्ञानेश्वरी दोनेक एमबीत बसते. दीड जीबीत अशा सातशेहून जास्त प्रती मावतील. एचडी व्हिडिओ मात्र एका प्रतीएवढा डेटा तीनेक सेकंदांत खाऊन टाकतो.

आवाज या दोन्हींच्या मधे बसतो. इंटरनेटवरून केलेल्या साध्या कॉलला मिनिटाला अर्धा एमबीही लागत नाही. दीड जीबीत पन्नास तासांहून जास्त गप्पा होतील. तोच कॉल व्हिडिओवर केला की खर्च सहज दसपट होतो. चांगल्या दर्जाचं गाणं नुसतं ऐकायला तासाला चाळीस-पन्नास एमबी पुरतात. तेच गाणं व्हिडिओच्या अ‍ॅपवर लावून फोन ओट्यावर पालथा ठेवला तर चारशे-साडेचारशे एमबी जातात, आणि त्यातलं चित्र कोणीच पाहत नाही. ऐकायचंच असेल तर व्हिडिओचा दर्जा १४४पी करून ठेवा. भजनाच्या आवाजात फारसा फरक पडणार नाही, डेटा मात्र भरपूर वाचेल.

यूपीआयने केलेल्या व्यवहाराचा निरोप काही किलोबाइटचा असतो. अ‍ॅप उघडल्यावर आजूबाजूला झळकणाऱ्या जाहिरातींच्या चित्रांना त्याहून जास्त डेटा लागतो. बातमी वाचतानाही तेच होतं. बातमीचा मजकूर पाच-दहा किलोबाइटचा असतो आणि तिच्याभोवतीचं पान दोन-तीन एमबीचं.

थोडक्यात, डेटाचा खरा ग्राहक व्हिडिओ. मेसेज कमी पाठवून, यूपीआय टाळून किंवा सारखं नेट बंद-चालू करून जे वाचतं ते व्हिडिओच्या एका सेटिंगपुढे काहीच नाही.

मोजतं कोण?

अनेकांना वाटतं की डेटा फोन मोजतो किंवा गावातला टॉवर मोजतो. प्रत्यक्षात तो बराच पुढे मोजला जातो. तुमच्या फोनमधून निघालेली माहिती टॉवरवरून केबलने कंपनीच्या मुख्य जाळ्यात जाते आणि तिथून बाहेरच्या इंटरनेटवर पडते. त्या वेशीवर एक यंत्रणा बसलेली असते, तिला गेटवे म्हणतात. आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटची नोंद तिथे होते. एक पॅकेट फार तर दीड हजार बाइटचं. म्हणजे दीड जीबी संपायला किमान दहा लाख पॅकेट मोजली जातात. एका सिमची, एका दिवसात!

प्रत्येक पॅकेटवर कुठून आलं आणि कुठे जायचं याचा पत्ताही असतो. त्याला ४० ते ६० बाइट लागतात आणि तेही तुमच्याच खात्यावर चढतात. दहा लाख पॅकेटांमागे ही पत्त्यांची बेरीज ४० ते ६० एमबी भरते. शिवाय गेटवेवर मोजून पुढे गेलेलं एखादं पॅकेट तुम्ही बोगद्यात शिरल्यामुळे फोनपर्यंत पोचलंच नाही, तरी ते मोजलं गेलेलं असतं. फोनमधला आकडा आणि कंपनीचा आकडा तंतोतंत का जुळत नाही, त्याचं हे एक कारण.

प्रीपेडची खरी कमाल याच्या पुढे आहे. पोस्टपेडचा हिशेब महिन्याअखेरीस केला तरी चालतो. प्रीपेडमध्ये शिल्लक संपली त्या क्षणी थांबावं लागतं. पण दर पॅकेटमागे शिल्लक विचारायची ठरवली तर सगळं जाळंच ठप्प होईल. म्हणून गेटवे कंपनीच्या हिशेब यंत्रणेकडून तुमच्या नावाने थोडा थोडा डेटा आगाऊ मागून घेतो. तो संपत आला की पुढचा हप्ता मागतो. शिल्लकच नसेल तर नकार येतो आणि नेट थांबतं किंवा मंदावतं. भारतात शंभर कोटींहून जास्त मोबाइल जोडण्या आहेत आणि त्यांतल्या दहापैकी नऊ प्रीपेड. त्यांच्यासाठीची ही देवाणघेवाण अहोरात्र चालू असते आणि आपल्याला तिचा सुगावाही लागत नाही.

डेटा पॅक ५०, ९० आणि १०० टक्के संपल्यावर ग्राहकाला मेसेज गेलाच पाहिजे, असा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे ट्रायचा, नियम आहे. ते मेसेज येतात ते याच मोजणीतून. नेट सुरू किंवा बंद करायचा १९२५ हा टोल-फ्री क्रमांकही ट्रायनेच आणला. त्यामागे बटणांच्या फोनचा काळ आहे. खिशातल्या फोनचं बटण चुकून दाबलं जायचं, नेट सुरू व्हायचं आणि बॅलन्स गायब. तेव्हा दहा किलोबाइटला दहा पैसे असा दर सर्रास असे. ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्या दराने एक जीबीचे दहा हजार रुपये होतात. आजच्या रोजच्या दीड जीबीचे झाले असते पंधरा हजार!

शिक्षेचा वेग

रोजचा कोटा संपला की अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. हा आकडा टेलिफोनच्या इतिहासातून आलेला आहे. माणसाच्या बोलण्यातला कामापुरता आवाज चार हजार हर्ट्झच्या आत येतो. तो आकड्यांत उतरवायला सेकंदाला त्याच्या दुप्पट, म्हणजे आठ हजार मापं घ्यावी लागतात. प्रत्येक माप आठ बिटचं. आठ हजार गुणिले आठ म्हणजे ६४ हजार बिट. टेलिफोन एक्स्चेंज डिजिटल झाली तेव्हा एका संभाषणाला दिलेली जागा एवढीच होती आणि पुढची सगळी जाळी तिच्याच पटीत उभी राहिली. डेटा संपल्यावर कंपनी तुमच्या हाती ठेवते ती लँडलाइनची एक लाइन.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा डायल-अपचा वेग ९.६ केबीपीएस होता. आजचा शिक्षेचा वेग त्याच्या सहापटीहून जास्त आहे. तरी तो असह्य वाटतो, कारण वेबपानं फुगली आहेत. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. दोन एमबीचं पान उघडायला चार मिनिटं लागतात. मजकुराचा मेसेज मात्र या वेगातही झटकन जातो. हाच वेग चोवीस तास अखंड वापरला तर दिवसाला ६९० एमबी होतात. डेटा संपल्यावर घाईघाईने वीस रुपयांचं व्हाउचर मारण्याआधी एवढं विचारून पाहा: आता जे करायचं आहे त्यात चित्र आहे का? नसेल तर रात्री बारापर्यंत या वेगातही भागेल.

वेग वाढल्यावर काय होतं तेही पाहा. सेकंदाला पाच मेगाबिटने दीड जीबी चाळीस मिनिटांत संपतो. ५जीच्या ३०० मेगाबिटने तोच चाळीस सेकंदांत संपू शकतो. वेगामुळे डेटा आपोआप जास्त जात नाही. पण व्हिडिओचं अ‍ॅप चित्रफितीचे काही सेकंदांचे तुकडे करून मागवतं आणि वेग चांगला दिसला की पुढचा तुकडा वरच्या दर्जाचा मागवतं. आपल्याला न विचारता. छोट्या पडद्यावर तो फरक डोळ्यांना कळेलच असं नाही, कोट्याला मात्र कळतो.

डेटा शिल्लक का राहत नाही

आता सगळ्यांच्या रागाचा विषय. वापरला नाही तर तो डेटा माझा, मग रात्री बाराला तो जातो कुठे?

तो कुठेच जात नाही, कारण तो कुठे ठेवलेलाच नव्हता. टाकीत किंवा गोदामात असतो तसा डेटाचा साठा कंपनीकडे नसतो. तिच्याकडे असतात टॉवर, केबल आणि मर्यादित रेडिओ लहरी वापरायचा परवाना. २०२२ च्या लिलावात या लहरींसाठी कंपन्यांनी मिळून सुमारे दीड लाख कोटी रुपयांची बोली लावली. तुम्ही एक जीबी वापरा की दहा, हा खर्च बदलत नाही. एका टॉवरला एका सेकंदात ठरावीक माहिती वाहून नेता येते. ती संधी वापरली नाही तर संपली. पहाटे तीनला मोकळा राहिलेला टॉवर रात्री नऊला दुप्पट काम करू शकत नाही. स्वारगेटहून निघालेल्या एसटीतली रिकामी सीट उद्याच्या गाडीला जोडता येत नाही, तसंच हे.

एसटीडी बूथच्या काळात हाच नियम उघड दिसायचा. रात्री उशिरा दर पाव व्हायचा आणि पिवळ्या पाटीखाली माणसं रांग लावून थांबायची. तेव्हा अंतरालाही दर होता. पुणे-नगर वेगळा, पुणे-दिल्ली वेगळा. डेटाने अंतर हिशेबातून काढूनच टाकलं. समोरच्या इमारतीत पाठवलेला फोटो आणि मेलबर्नला पाठवलेला फोटो सारखाच पडतो. लोकप्रिय व्हिडिओ तर समुद्रापलीकडून येतही नाहीत. त्यांच्या प्रती कंपनीच्या जाळ्यातच, देशातल्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतात.

म्हणजे रिचार्ज मारताना आपण जीबी विकत घेतो असं वाटतं, खरं तर आपण दिवस विकत घेतो: इतके दिवस या जाळ्यात शिरायची मुभा, आणि सगळ्यांना वाट मिळावी म्हणून रोजची एक मर्यादा. ‘एका जीबीला किती पडले’ हा हिशेब त्यामुळे फसवा ठरतो. ‘एका दिवसाला किती पडले’ हा खरा हिशेब.

आता अठ्ठावीस दिवसांचं गणित सोपं होतं. अठ्ठावीस गुणिले तेरा म्हणजे ३६४. महिन्याचा म्हणून मारलेला रिचार्ज वर्षात बारा वेळा नाही, तेरा वेळा होतो. यावर बरीच ओरड झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला तीस दिवसांचा किमान एक प्लॅन आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नव्याने सुरू होणारा किमान एक प्लॅन ठेवायला लावला. हे प्लॅन यादीत असतात, पण दुकानदार किंवा अ‍ॅप ते आपणहून पुढे करत नाही. विचारावं लागतं.

आकड्यांत उतरून

जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर रोज दीड जीबीचा अठ्ठावीस दिवसांचा प्लॅन ३०० ते ३५० रुपयांना पडू लागला. म्हणजे दिवसाला साधारण अकरा ते साडेबारा रुपये. त्याच कोट्याचा ८४ दिवसांचा प्लॅन, अठ्ठावीसचा तीनदा मारण्यापेक्षा शंभर ते दोनशे रुपयांनी स्वस्त होता. दर पुढेही बदलतील, पण भागाकार तोच राहील. प्लॅनची किंमत, भागिले दिवस. तुलना करताना कागदावर एवढंच लिहा.

दुसरा आकडा स्वतःच्या वापराचा. दीड जीबीच्या प्लॅनमध्ये अठ्ठावीस दिवसांत ४२ जीबी मिळतात. ट्रायच्या अलीकडच्या आकडेवारीत एका ग्राहकाचा महिन्याचा सरासरी वापर २० ते २५ जीबीच्या घरात आहे. म्हणजे सरासरी माणसाला मोठ्या प्लॅनची गरज नाही. पण सरासरी फसवी असते. एका घरातला मुलगा दिवसाला तीन जीबी संपवतो, आजोबांना दोनशे एमबीही लागत नाहीत, आणि दोघांचा रिचार्ज एकच असतो, कारण मुलानेच दोन्ही मारलेले असतात.

आजोबांसाठी एक बदल झाला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम दुरुस्त करून प्रत्येक कंपनीला फक्त कॉल आणि एसएमएसचा, डेटा नसलेला पॅक द्यायला लावलं आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेण्याची मुभा दिली. २०२५ च्या सुरुवातीला असे जवळजवळ वर्षभराचे पॅक १,७०० ते १,९०० रुपयांना आले. महिन्याला दीडशेच्या आसपास. बटणांचा फोन वापरणाऱ्याला किंवा ज्याचं नेट घरच्या वायफायवर भागतं त्याला डेटाचे पैसे भरायचं कारण उरलेलं नाही.

घरात ब्रॉडबँड असेल तर हिशेब आणखी बदलतो. चार माणसांच्या चार मोठ्या प्लॅनऐवजी घरच्या वायफायसोबत चार लहान प्लॅन पुरतात. त्यात रोजच्या कोट्याऐवजी संपूर्ण मुदतीसाठी एकगठ्ठा थोडा डेटा मिळाला तर उत्तम. दिवसभर घरी असलेल्या माणसाचा रोजचा कोटा रोज वाया जातो. एकगठ्ठा डेटा निदान मुदतीपर्यंत तरी टिकतो.

रोजचा कोटा संपल्यावर घेतलेला सुटा एक जीबी वीसेक रुपयांना पडतो. प्लॅनमधला जीबी सात-आठ रुपयांचा. महिन्यातून एखाद-दोनदा असं झालं तर व्हाउचरच स्वस्त. दर आठवड्याला दोनदा होत असेल तर वरचा प्लॅन घ्या. ५जीचा फोन असेल आणि गावात ५जी पोचलं असेल, तर जिओ आणि एअरटेलने जुलै २०२४ पासून अमर्याद ५जी रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनपुरतं ठेवलं, हेही ध्यानात घ्या. फोन ४जीवर उतरला की मात्र कोट्यातूनच वजावट होते. घराच्या आतल्या खोलीत हे सर्रास घडतं.

दुसरं सिम केवळ ओटीपीसाठी ठेवलं असेल, तर ट्रायचा आणखी एक नियम कामाचा आहे. नव्वद दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद होऊ शकतो. पण खात्यात किमान वीस रुपये असतील तर ते कापून मुदत तीस दिवसांनी वाढते.

फोन आपल्यामागे काय करतो

फोन हातात नसतानाही डेटा जातो, कारण अ‍ॅपं आपापसात आणि दूरच्या सर्व्हरशी बोलत असतात. छोटे व्हिडिओ दाखवणारी अ‍ॅपं तर तुम्ही अजून न पाहिलेला पुढचा व्हिडिओ आधीच उतरवून ठेवतात, म्हणजे बोट सरकवताक्षणी तो सुरू व्हावा. तुम्ही दोन सेकंदांत पुढे गेलात, तरी उतरवलेलं सगळं मोजलं जातं.

अँड्रॉइडमध्ये २०१६ पासून डेटा सेव्हर आहे, आयफोनमध्ये २०१९ पासून लो डेटा मोड. समोर उघड्या नसलेल्या अ‍ॅपांना तो मोबाइल डेटा वापरू देत नाही किंवा कमी वापरू देतो. तो चालू करून नकाशा किंवा बँकेच्या अ‍ॅपला हवी तर सूट देता येते. व्हिडिओच्या अ‍ॅपमध्ये मोबाइल नेटवर्कसाठीचा दर्जा वेगळा ठरवता येतो. तो खाली आणला की निम्मं काम झालं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त जाऊन मोबाइल डेटावरचं मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा. सकाळच्या फुलांचे आणि सुविचारांचे फोटो तुम्ही बोट लावाल तेव्हाच उतरतील. प्ले स्टोअरचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा.

हॉटस्पॉटचं प्रकरण वेगळं आहे. फोनच्या हॉटस्पॉटला जोडलेल्या लॅपटॉपला वाटतं की आपण घरच्या वायफायवर आहोत. मग तो साठवून ठेवलेले सगळे अपडेट एकदम मागवतो. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड’ केलं की तो हात आखडता घेतो.

प्रवासात फुकटचं नेटही असतं. रेल्वेची कंपनी रेलटेल आणि गूगल यांचं मोफत वायफाय स्थानकांवर सर्वांत आधी सुरू झालं ते मुंबई सेंट्रलला, जानेवारी २०१६ मध्ये. आता रेलटेल स्थानकांवर रोज अर्धा तास फुकट वायफाय देतं. गाडी येईपर्यंत नकाशा आणि मालिकेचा एखादा भाग उतरवून घ्यायला तेवढं पुरतं. बँकेचे व्यवहार मात्र अशा उघड्या वायफायवर करू नका.

‘मोफत रिचार्ज’ म्हणून येणाऱ्या लिंकवर कधीही बोट ठेवू नका. सगळ्या कंपन्यांचे दर एकाच ठिकाणी पाहता यावेत म्हणून ट्रायचं अधिकृत पोर्टल २०१८ पासून आहे. तुलना तिथे करा आणि रिचार्ज कंपनीच्या अ‍ॅपवरून किंवा ओळखीच्या दुकानातून मारा.

पुढच्या रिचार्जआधी एवढंच करा. फोनच्या सेटिंगमध्ये गेल्या महिन्याचा मोबाइल डेटा पाहा आणि त्याला तीसने भागा. यादीत पहिली तीन नावं कोणत्या अ‍ॅपांची आहेत तेही पाहा. त्यांतलं एक तरी व्हिडिओचं असेलच, त्याचा दर्जा खाली आणा. उत्तर दिवसाला एक जीबीच्या आत येत असेल, तर तुम्ही गरजेपेक्षा मोठा प्लॅन घेत आहात. घरातल्या प्रत्येक फोनचा हा भागाकार एकदा करून पाहा आणि सुरुवात आजी-आजोबांच्या फोनपासून करा, कारण सगळ्यात जास्त वाया जाणारा डेटा बहुधा तिथेच सापडतो.